‘वाचून दाखविले’ : एका कर्णबधिर बाईंच्या मृत्युपत्राचे प्रकरण

पुण्यातील ६८ वर्षांच्या एका कर्णबधिर विधवा बाईंचे मृत्युपत्र करताना जे घडले, ते त्यांच्या संमतीने येथे नोंदवीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्याचा आणि कामाच्या पद्धतीचा भाग जसाच्या तसा ठेवला आहे. गेली २३ वर्षे मी दिवाणी बाजूची वकिली करतो आणि मृत्युपत्रे हा त्यातला नेहमीचा भाग आहे. कर्णबधिर पक्षकाराच्या बाबतीत अडचण आलीच, तर ती कायद्याची येईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात अडचण आली ती माझ्या संगणकावर वर्षानुवर्षे पडून असलेल्या मसुद्याची, आणि त्याहून आधी माझ्या स्वतःच्या घाईची.

बाई जन्मतः कर्णबधिर आहेत. एका छापखान्याच्या बाइंडिंग विभागात ३१ वर्षे नोकरी करून त्या निवृत्त झाल्या. यजमानही कर्णबधिर होते आणि लेथवर काम करीत. दोघांनी मिळून १९९४ मध्ये घेतलेली ४८० चौरस फुटांची सदनिका, बँकेतील मुदत ठेवी आणि थोडे सोने एवढी त्यांची मिळकत. मूलबाळ नाही. यजमान मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या आई आधीच गेलेल्या असल्यामुळे सदनिकेतला त्यांचा अर्धा हिस्सा बाईंकडे आला.

पहिल्या भेटीला बाईंबरोबर त्यांच्या दिरांचा मुलगा आला होता. बोलायला नम्र, कागदपत्रे फाइलला नीट लावलेली. “काकूंना माझ्या नावे बक्षीसपत्र करून द्यायचं आहे,” असे त्याने सांगितले. मी बाईंकडे पाहिले. त्याने हाताने कागद, सही आणि घर अशा तीन खुणा केल्या, बाईंनी मान हलवली, आणि मी डायरीत ‘पक्षकारास मान्य’ असे लिहिले. ती नोंद मी अजून ठेवली आहे.

तीन दिवसांनी बाई पुन्हा आल्या, या वेळी एका कर्णबधिर मैत्रिणीबरोबर. त्यांनी माझ्यापुढे एक चिठ्ठी ठेवली : ‘घर माझे. मरण नंतर भाची, शाळा. पुतण्या सही कशाला?’ पहिल्या भेटीतल्या त्या तीन खुणांचा अर्थ त्यांनी असा लावला होता की, सोसायटीच्या भाग दाखल्यावरून यजमानांचे नाव कमी करून तेथे त्यांचे एकटीचे नाव लावायचे आहे. ते काम खरोखरच रखडलेले होते, त्यामुळे त्या ‘हो’ म्हणाल्या. बक्षीसपत्र म्हणजे घर आजच दुसऱ्याचे होणे, आणि मृत्युपत्र म्हणजे आपण असेपर्यंत आपलेच राहणे, हा भेद त्या दिवशी त्या खोलीत कोणीही त्यांच्यापर्यंत पोचवला नव्हता. ज्या घरात खुणांची भाषा कोणालाच येत नाही, तिथे मान डोलावणे हा संभाषण संपवण्याचा सभ्य मार्ग असतो, हे मला नंतर त्यांच्याच मैत्रिणीकडून कळले. चिठ्ठीतली मराठी कोणाला मोडकी वाटेल. ती मोडकी नाही. मराठी ही बाईंची दुसरी भाषा आहे, आणि प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी ठेवण्याची रीत त्यांच्या पहिल्या भाषेची आहे.

कायद्यापुरते बोलायचे तर मुद्दा साधा आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ५९ खालील स्पष्टीकरण सांगते की, बहिरी, मुकी किंवा आंधळी व्यक्ती केवळ त्या कारणाने मृत्युपत्र करण्यास अपात्र ठरत नाही; मात्र मृत्युपत्राने आपण काय करीत आहोत हे तिला समजत असले पाहिजे. शब्द त्या काळाचे आहेत, आशय आजही पुरेसा आहे. पण तरतुदीचा सगळा भार त्या ‘समजत असले पाहिजे’वर आहे. ऐकणाऱ्या माणसाच्या बाबतीत न्यायालय सहीवरून ही समज बहुतेक वेळा गृहीत धरते. एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने (ए.आय.आर. हा निकालसंग्रह, १९५९) घालून दिलेली कसोटी अशी की, मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर येते. कर्णबधिर बाईंच्या पश्चात विरुद्ध बाजूचा वकील पहिले तीन प्रश्न कोणते विचारील, हे मला आधीच ठाऊक होते : मजकूर कोणत्या भाषेत समजावला, कोणी समजावला, आणि समजावणाऱ्याला त्यातून काय मिळाले.

मृत्युपत्र केलेच नसते, तर काय झाले असते, हेही बाईंना सांगणे भाग होते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. अपवाद फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मिळकतीचा. तिने स्वतः कमावलेली मिळकतही या नियमातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे ३१ वर्षांच्या पगारातून साठलेल्या ठेवीसुद्धा दिरांच्या घरी गेल्या असत्या, आणि खुणांच्या भाषेत ज्या एकाच नातेवाइकाशी बाईंचे मनमोकळे बोलणे होते, त्या भाचीला काहीच मिळाले नसते. ठेवींवर भाचीचे नाव नॉमिनी म्हणून होते, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या. पण नॉमिनी हा मालक होत नाही. तो पैसे स्वीकारतो आणि ते वारसांपर्यंत पोचवण्यास बांधील राहतो. विमा पॉलिसीच्या संदर्भात १९८४ च्या सरबती देवी निकालात आणि शेअर्सच्या संदर्भात डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. हे समजल्यावर बाई बराच वेळ हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या.

आता दुभाष्याचा प्रश्न आला, आणि माझ्या मते सगळे प्रकरण येथेच तरते किंवा बुडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १३ दिव्यांग व्यक्तीचा मिळकत बाळगण्याचा, वारसा मिळवण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क मान्य करते. त्याच कलमात पुढे असे आहे की, एखाद्या आर्थिक किंवा मिळकतीच्या व्यवहारात साहाय्य करणाऱ्याचे हित दिव्यांग व्यक्तीच्या हिताशी विरोधी असेल, तर त्याने त्या व्यवहारात साहाय्य करू नये. निव्वळ नाते आहे म्हणून हितविरोध गृहीत धरू नये, असेही कायदा बजावतो. पण पुतण्या स्वतःच्या नावे बक्षीसपत्र करवून घ्यायला आला होता. त्याच्याबाबत गृहीत धरण्याजोगे काही उरलेच नव्हते.

खरी कसोटी पुढे लागली. बाई ज्या शाळेत शिकल्या, तिच्या संस्थेला त्यांना देणगी ठेवायची होती. ते कळताच संस्थेच्या एका शिक्षिकेने विनामूल्य दुभाषी म्हणून येण्याची तयारी दाखवली. हेतू शंभर टक्के चांगला, खुणांवर प्रभुत्व उत्तम, आणि बाईंचा त्यांच्यावर विश्वास. मी नको म्हटले. ज्या संस्थेला मृत्युपत्राने पैसे मिळणार, तिच्याच पगारी शिक्षिकेने मृत्युपत्राचा अर्थ लावून सांगावा, हे पुतण्याने खुणा करण्याहून कायद्याच्या दृष्टीने फार वेगळे नाही. शिक्षिका दुखावल्या, बाईंनाही माझा हट्ट प्रथम पटला नाही. याच कारणासाठी दुभाष्याचे मानधन संस्थेने देण्याचा प्रस्तावही नाकारला. ते बाईंनी दिले, आणि टायपिंग व नोंदणीच्या एकूण खर्चापेक्षा ते कितीतरी जास्त झाले. माझ्या फीतून मी काही रक्कम वळती केली. खासगी वकिलाच्या कार्यालयात हा खर्च कोणी उचलायचा, याची कसलीही व्यवस्था आपल्याकडे नाही, आणि कर्णबधिर माणसे मृत्युपत्राशिवाय राहण्याचे हे एक अगदी व्यावहारिक कारण आहे.

भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली, दोन्ही बाजूंशी संबंध नसलेली एक तरुण दुभाषी आम्हाला मिळाली. तिचे काम चोख होते, तरी पहिल्या तासातच गाडी अडली. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात कायद्याच्या संज्ञाही आहेत आणि २०२१ मध्ये तो १०,००० शब्दांपर्यंत पोचला. पण बाई त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकात शाळेबाहेर पडल्या. त्या काळी वर्गात ओठवाचनावर आणि बोलण्यावर भर, खुणा केल्या तर हातावर पट्टी, त्यामुळे त्यांची भाषा मधल्या सुट्टीत आणि नंतर कर्णबधिरांच्या रविवारच्या बैठकीत घडलेली. शेवटी ती मैत्रीणच मध्ये बसली : दुभाषी माझी मराठी आजच्या खुणांत आणी, मैत्रीण ती बाईंच्या पिढीच्या खुणांत मांडी, आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. वेळ दुप्पट लागला.

मी नेहमीप्रमाणे मसुदा पुढे ठेवून त्याचा एकेक परिच्छेद समजावायला सुरुवात केली होती. ‘मृत्युपत्र’ हा शब्द बाईंनी वाचला आणि पिशवीतून यजमानांच्या मृत्यूचा दाखला काढून माझ्यापुढे ठेवला. ‘माझ्या पश्चात’ या शब्दांवर त्यांनी पश्चात्तापाची खूण केली आणि कसला पश्चात्ताप, असे विचारले. ‘स्थावर-जंगम’मधले जंगम हे त्यांच्या छापखान्यातल्या एका सहकाऱ्याचे आडनाव होते, आणि त्याचा या घराशी काय संबंध, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. ऐकणारे पक्षकार या शब्दांवरून न अडखळता पुढे जातात. त्यांना ते समजलेले असतात म्हणून नव्हे, तर असे काहीतरी असायचेच, हे त्यांनी ऐकलेले असते म्हणून.

मसुदा मी बाजूला ठेवला आणि क्रम उलटा केला. आधी बाईंनी सांगायचे, मग मी लिहायचे. त्यांनी दोन्ही हातांची बोटे टेकवून छपराचा आकार केला आणि ते घर समोर हवेत ठेवले. डावीकडे एक जागा भाचीला दिली, तीही भाचीच्या नावाच्या खुणेने : हनुवटीवरची खळी. उजवीकडे शाळा बसवली. मग छपराला मधोमध नव्हे, जरा उजवीकडे छेद दिला, मोठा भाग डावीकडे सरकवला, लहान उजवीकडे. किती, असे विचारल्यावर आकडे आले : ६० आणि ४०. पुतण्यासाठी त्यांनी वेगळी जागा केली आणि तिथे घर नव्हे, ठेवीतले दोन लाख रुपये ठेवले. यजमानांच्या आजारपणात रुग्णालयाच्या फेऱ्या त्यानेच मारल्या होत्या, हे त्या विसरल्या नव्हत्या.

एक प्रश्न मात्र फार जड गेला. भाचीच बाईंच्या आधी वारली तर तिचा हिस्सा कोणाला, हे विचारणे आवश्यक होते. दुभाषीच्या तोंडून, म्हणजे हातातून, पहिल्यांदा ते निघाले तेव्हा ‘तर’ कुठेतरी गळला, आणि भाचीची काही वाईट बातमी आली आहे, असे समजून बाई उठूनच उभ्या राहिल्या. मग मैत्रिणीने कागदावर एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर वर्षे लिहिली, आणि दोघींची नावे मागेपुढे सरकवून दाखवली. उत्तर आले : भाचीच्या मुलीला. हे उत्तर मिळवायला ४० मिनिटे लागली आणि मृत्युपत्रात त्याची जेमतेम दीड ओळ झाली.

आता देणगीकडे वळतो. बाईंना पैसे ‘शाळेला’ द्यायचे होते, पण शाळा ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नाही. ती चालवणारी नोंदणीकृत संस्था ही व्यक्ती. म्हणून संस्थेचे नेमके नाव आणि धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक मृत्युपत्रात घेतला. दुसरी बाब सदनिकेची. घराचा ४० टक्के हिस्सा थेट संस्थेच्या नावे झाला असता, तर ती संस्थेची स्थावर मिळकत ठरली असती, आयुक्तांकडे त्या बदलाची नोंद करणारा चेंज रिपोर्ट द्यावा लागला असता, आणि पुढे तो हिस्सा विकायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची पूर्वपरवानगी लागली असती. शिवाय एका छताखाली भाची आणि विश्वस्त मंडळ असे दोन मालक झाले असते. त्याऐवजी मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला, म्हणजे बाईंच्या पश्चात त्याची अंमलबजावणी करणाऱ्याला, घर विकण्याचा स्पष्ट अधिकार देऊन, आलेली निव्वळ रक्कम ६० आणि ४० अशी वाटावी, असे लिहिले.

रकमेचा उपयोगही बाईंच्या मनात ठरलेला होता : वृद्ध कर्णबधिरांना रविवारी दुपारी बसून बोलता येईल अशी एक खोली. अशी अट घट्ट लिहिली आणि संस्थेला खोली शक्य झाली नाही, तर देणगी लटकते, आणि मूळ हेतूच्या जवळचा हेतू ठरवून घेण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ५५ चा लांबचा रस्ता धरावा लागतो. म्हणून खोली ही पहिली पसंती म्हणून लिहिली, आणि ते न जमल्यास कर्णबधिर प्रौढांसाठी खुणांच्या भाषेतील कोणताही उपक्रम, अशी पर्यायी वाट ठेवली. (पक्षकार ख्रिस्ती असत्या, तर पूर्वी उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ११८ आडवे आले असते, जवळचे नातेवाईक असणाऱ्यांच्या धर्मादाय देणग्यांवरील ते बंधन सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम प्रकरणात घटनाबाह्य ठरवले.)

साक्षीदार निवडताना माझ्या सहकाऱ्यांनी दोघेही ऐकणारे असावेत असे सुचवले. मी मानले नाही. उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ ला किमान दोन साक्षीदार हवेत, आणि प्रत्येकाने एक तर मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ती सही आपली असल्याची कबुली प्रत्यक्ष त्याच्याकडून मिळालेली असावी. ऐकण्याचा येथे संबंधच नाही. एक साक्षीदार फॅमिली डॉक्टर झाले, दुसरे बाईंचे छापखान्यातले कर्णबधिर सहकारी. उद्या त्यांना न्यायालयात यावे लागले, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १२५ प्रमाणे खुणांनी दिलेली साक्ष तोंडी पुरावाच मानली जाते, त्यासाठी न्यायालयाने दुभाष्याचे साहाय्य घ्यायचे असते आणि तिचे चित्रीकरण करायचे असते. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांसाठी खुद्द सर्वोच्च न्यायालयात दुभाषी उभा राहिला आहे. खालच्या न्यायालयांना आता नवल वाटू नये. दुभाषी आणि मैत्रीण या दोघींना मात्र मी साक्षीदार केले नाही. आपण कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत काय पोचवले आणि या मिळकतीत आपले काही हित नाही, अशी त्यांची स्वतंत्र निवेदने घेतली. डॉक्टरांच्या दाखल्यातही ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ एवढ्यावर न थांबता, त्यांनी बाईंशी कशाच्या माध्यमातून संवाद साधला, हे लिहवून घेतले.

सहीच्या दिवशी चित्रीकरण केले. चित्रफीत म्हणजे मृत्युपत्र नव्हे, सही-साक्षीचा कागद लागतोच. चित्रफितीचा उपयोग समज सिद्ध करण्यापुरता. कॅमेरा असा लावला की, डोक्यापासून कमरेपर्यंत बाई आणि त्यांचे दोन्ही हात सतत चौकटीत राहतील, मागे कोरी भिंत, अंगावर एकरंगी साडी. ‘हे बरोबर आहे का’ असे एकदाही विचारले नाही. त्या पहिल्या दिवशीच्या मान डोलावण्याचा धडा होता. कागद पालथा ठेवून बाईंनी सगळी वाटणी स्वतः सांगितली, प्रत्येक नावाची खूण केल्यावर त्या व्यक्तीचे छायाचित्र आणि लिहिलेले नाव कॅमेऱ्याला दाखवले, कारण हनुवटीवरची खळी म्हणजे कोण, हे पंधरा वर्षांनी न्यायाधीशांना कोण सांगणार. मूळ फाइल, तिच्यात नंतर बदल झालेला नाही हे पडताळता येणारे तिचे हॅश मूल्य आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्राचा मसुदा एकत्र ठेवला. (कलम ६३ हे येथे साक्ष्य अधिनियमाचे, दोन कायद्यांचे आकडे जुळणे हा निव्वळ योगायोग.)

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असते, मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी फी १०० रुपये. आम्ही ती करून घेतली. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या कारकुनाने बाईंकडे पाहून ‘सही नको, अंगठाच घ्या’ असे मला सुचवले. बाईंनी त्याच्या पुढ्यातले पेन उचलले आणि ३१ वर्षे पगारपत्रकावर केलेली ती तिरपी, शेवटी दोन टिंबे असलेली सही केली. अंगठ्याचा ठसा नियमाप्रमाणे सर्वांचाच घेतात, तो नंतर दिला.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या जुन्या नमुन्याच्या शेवटी, प्रत्येक मृत्युपत्रात असते तसे, एक वाक्य होते : ‘सदर मृत्युपत्र मला वाचून दाखविण्यात आले, ते मी ऐकले व मला मान्य आहे.’ हे जर तसेच राहिले असते, तर बाईंच्या सहीच्या बरोबर वर एक धडधडीत खोटे विधान उभे राहिले असते, आणि विरुद्ध बाजूला आणखी काही शोधावे लागले नसते. त्या जागी आम्ही लिहिले की, मजकूर बाईंनी प्रथम खुणांच्या भाषेत सांगितला, त्यावरून तो मराठीत लिहिला, आणि लिहिलेला मजकूर अमुक दुभाषी व अमुक कर्णबधिर सहायक यांच्यामार्फत त्यांना पुन्हा खुणांत सांगितल्यावर त्यांनी तो स्वतःच्या शब्दांत परत सांगितला.

सात महिन्यांनी व्यवस्थापक म्हणून नेमलेले गृहस्थ मुलाकडे बेंगळुरूला राहायला गेले, म्हणून नवे नाव घालणारी एक पानाची पुरवणी करावी लागली. दुभाषी तीच, मैत्रीण तीच. टायपिस्टने घाईत पुरवणीचा जुना नमुना उघडला होता, आणि माझीही नजर चुकली. बाईंनी कागद हातात घेतला, शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेले, ‘ऐकले’ या शब्दावर ते थांबवले, मग तेच बोट स्वतःच्या कानाकडे नेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिले. कागद दुरुस्त करून पुन्हा छापला, आणि मग त्यांनी सही केली.